पिस्ता रंगाची शटरं आणि कडप्प्याचे खण

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडची जुनी सोसायटी पाडून नवी इमारत उभी राहते आहे, दिवाळीच्या सुमारास ताबा मिळेल. स्वयंपाकघर आठ बाय दहा फुटांचं. मुलाला हॉलकडची भिंत काढून ओपन किचन हवंय आणि मधे आयलंड, म्हणजे चहूबाजूंनी मोकळा सुटा ओटा, हवंय. सासूबाईंचं म्हणणं, दार पाहिजे आणि ओटा पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा. तुम्हाला स्वतःला पिस्ता रंगाची मॅट शटरं आवडली आहेत, पण पाच वर्षांनी ती जुनाट दिसतील अशी धास्ती आहे. तेव्हा ट्रेंड पाळावा की सरळ दुर्लक्ष करावं? दोघींची उंचीही तुम्ही लिहिलीत, तुमची पाच फूट तीन आणि सासूबाईंची चार फूट दहा, हे फार बरं केलंत. रंगाआधी उंची सांगणारं गिऱ्हाईक मला चोवीस वर्षांत क्वचितच भेटलंय.

माझं उत्तर ‘दोन्ही करा’ असं आहे. ते गुळमुळीत वाटू नये म्हणून आधी माझी कसोटी सांगते. एखादी नवी गोष्ट आवडली की स्वतःला विचारायचं, उद्या ही नकोशी झाली तर कोणाकोणाला बोलवावं लागेल? एकटा सुतार येऊन दुपारभरात बदलून देणार असेल तर खुशाल फॅशन करा. गवंडी, प्लंबर आणि वायरमन असे तिघं लागणार असतील, घरात पंधरा दिवस डबा लावावा लागणार असेल, तर त्या बाबतीत सध्या काय चालतंय हे बघायलासुद्धा जाऊ नका. शटरचा रंग, हँडल, दिवे, वरच्या कपाटाची काच, हे सगळं सुताराच्या दुपारीत बसतं. ओट्याची उंची, दगड, सिंकची जागा, पाण्याच्या नि गॅसच्या लाइनी, चिमणीचं भोक, भिंत, हे तिघांच्या पंधरवड्यातलं. लोक बरोबर उलटं करतात. रंगावर दोन महिने घालवतात आणि ओट्याची उंची बिल्डरच्या गवंड्यावर सोडून देतात.

रंगांचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. मी काम सुरू केलं तेव्हा पांढरा सनमायका आणि त्याला बीचची पट्टी, असं सगळीकडे होतं. मग वेंगे आला, तो गडद चॉकलेटी, ज्यावर पिठाचा एक कण पडला तरी हॉलमधून दिसायचा. त्यानंतर ग्लॉसी लाल आणि नारिंगी. अर्ध्या पुण्याची स्वयंपाकघरं तेव्हा आइस्क्रीम पार्लरसारखी दिसत होती आणि त्यातली बरीच मी केलेली आहेत, हे कबूल करते. मग पांढरा-राखाडी. आता पिस्ता, सोबत पितळी हँडल आणि वर रेघारेघांची काच. यातला प्रत्येक रंग निवडताना समोरच्यानं मला विचारलंय, ‘हा कायम चालेल ना?’ ‘कधीच जुना होणार नाही’ असं सांगून जे विकलं जातं त्यावरही सालाचा शिक्का असतोच. पांढरं-राखाडी किचन दाखवा, दोनेक वर्षांच्या फरकानं मी साल सांगते. म्हणून न मळणारा, न जुना होणारा रंग शोधण्यात वेळ घालवू नका. शटर सहज बदलता येईल अशी सोय आधी करून ठेवा.

ती सोय साधी आहे. खालचे खण विचित्र मापांचे करू नका. 450, 600, 900 मिलिमीटर ही बाजारातली चालती मापं आहेत. सुतार ‘जागा वाया जातेय’ म्हणून 537 चा खण करायला निघेल, त्याला थांबवा. उरलेल्या जागेत एक फिलर पट्टी मारा, नाहीतर तेलाच्या बाटल्यांची अरुंद ट्रॉली बसवा. बिजागऱ्यांच्या कपाचं 35 मिलिमीटरचं भोक सगळ्या बऱ्या कंपन्यांचं सारखंच असतं. त्यामुळे मापं चालती असली की आठ-दहा वर्षांनी नुसती शटरं काढून नवी लावता येतात, आतल्या खोक्यांना कोणी हात लावत नाही.

आता त्या खोक्यांविषयी, म्हणजे माझ्या आवडत्या विषयावर येते. तुमच्या जुन्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली कडप्प्याचे खण असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींमध्ये ही पद्धत सर्रास होती. उभ्या कडप्प्याच्या फरश्या, मधे एक आडवी, वर ओटा. आधी त्यापुढे पडदा असायचा, नंतर सनमायक्याची दारं आली, मग कोणीतरी त्यात स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या बसवल्या. थाळी ट्रॉली, कप-बशी ट्रॉली, बाटल्यांची ट्रॉली. आजही आपल्याकडे ‘किचन ट्रॉल्या करायच्या आहेत’ असंच म्हणतात, मॉड्युलर हा शब्द नंतरचा. मग मॉड्युलरवाले आले आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘हे सगळं आधी तोडून टाकू.’ मीही ते म्हटलंय. ट्रकभर कडप्पा फोडून बाहेर फेकलाय आणि त्या जागी प्लायचे खोके बसवलेत.

त्यातले कितीतरी खोके मी पुढे स्वतःच्या हातानं काढले. सिंकखालचा खण सगळ्यात आधी जातो. पाइपच्या जोडातून थेंब थेंब गळत असतं, वरून ओला पोचा आत टाकलेला असतो, आठ महिन्यांत तळ फुगतो आणि दोन वर्षांत वाळवी येते. पार्टिकल बोर्ड असेल तर एवढाही वेळ लागत नाही, बिस्किट चहात बुडवल्यासारखं होतं. कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू-चिंचेनं त्याच्यावर पांढरे डाग पडतात म्हणून ओट्याच्या वरच्या पृष्ठभागाला तो वाईटच, तिथे ग्रॅनाइट आला ते योग्य झालं. पण खाली, अंधारात, पाण्याजवळ त्याच्यासारखा टिकाऊ माल नाही. फुगत नाही, कुजत नाही, वाळवीला त्यात खायला काही नाही. त्याची एकच खोड, गवंड्याच्या हातची मापं कधी काटकोनात नसतात, म्हणून आतल्या ट्रॉल्या प्रत्येक खणाच्या मापानं करून घ्याव्या लागतात.

म्हणून नव्या घरातही सिंकखालचा एक खण मी दगडाचाच करते. बाजूला नि तळाला दगड, पुढे बाकीच्यांसारखंच शटर. बाहेरून कोणाला कळत नाही. दगड नकोच असेल तर तेवढ्या खणाला डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा नि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड वापरा. बाकीच्या खोक्यांना 18 मिलिमीटरचा आयएस 710 शिक्क्याचा प्लाय घ्या. या दर्जाच्या प्लायचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, तरी त्याचे थर सुटायचे नाहीत अशी अट असते. बिलावर तो नंबर लिहून घ्या. दुकानदारानं तोंडी सांगितलेल्या ‘वॉटरप्रूफ’ला काही अर्थ नाही. आणि कापलेल्या प्रत्येक कडेला, न दिसणाऱ्या मागच्या कडेलासुद्धा, एज बँडिंगची, म्हणजे कड झाकणारी, पट्टी हवी. पाणी प्लायमध्ये शिरतं ते उघड्या कडेतून.

हे सलग ओट्याचं, बंद खणांचं स्वयंपाकघर मुळात आपल्या गरजेतून आलेलं नाही. आपल्याकडे चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. फडताळ आणि मांडणी भिंतीला, शिंकाळं वर. उभ्यानं करायच्या सलग स्वयंपाकघराचा एक प्रसिद्ध नमुना 1926 साली फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईनं तयार केला. रुंदी साधारण 1.9 मीटर, लांबी 3.4, म्हणजे तुमच्यापेक्षाही चिंचोळं. हातात घड्याळ घेऊन कामाचा वेळ मोजून, पावलं वाचवून आखलेलं. डाळ-तांदळासाठी ॲल्युमिनियमचे ओढून काढायचे डबे, पिठात किडे होऊ नयेत म्हणून त्याचा खण ओकच्या लाकडाचा, आणि माश्या निळ्यावर बसत नाहीत या समजुतीनं कपाटं निळसर. सुमारे दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. गंमत म्हणजे तेव्हा आपल्याला स्वयंपाकाचा अनुभव नव्हता, हे बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं. नंतर त्याच स्वयंपाकघरावर टीका झाली की यात एकच बाई मावते, घरापासून तुटून पडते. भिंत काढण्याची हौस त्या तक्रारीतून वाढत गेली. तक्रार खरीच आहे. आपल्याकडेही आई आत घामाघूम आणि पाहुणे बाहेर, असं किती वर्षं चाललं. तुमच्या मुलाच्या हट्टामागे तेवढा भाग रास्त आहे, तो झटकून टाकू नका.

पण त्यांच्याकडच्या त्या मोकळ्या स्वयंपाकघरात फोडणी नाही. मोहरी तडतडून, हिंग-मिरची पडून जो खकाणा उठतो तो सोफ्याच्या कापडात जाऊन बसतो. सुक्या बोंबलाचं तर विचारूच नका. शिवाय कुकरची शिट्टी, मिक्सर, भांडी घासायचा आवाज आणि हॉलमध्ये कोणाची तरी ऑफिसची मीटिंग. ओपन किचन करून दिल्यावर तीन वर्षांत काचेचं पार्टिशन घालायला मला परत बोलावणारी घरं मोजायची म्हटली तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत.

तुमच्या बाबतीत मात्र आवडीनिवडीच्या आधी एक दुसरीच अडचण असू शकते. हल्लीच्या बऱ्याच नव्या इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, साइटवर सगळे त्याला ‘मायवान’ म्हणतात. त्यात खोल्यांमधल्या भिंतीही विटांच्या नसतात, काँक्रीटच्या असतात. इमारतीचा भार त्या वाहतात, वीजेच्या नळ्याही त्यांच्यात ओतलेल्या असतात. अशी भिंत तोडायची नाही, म्हणजे नाहीच. बिल्डरच्या इंजिनिअरला लेखी विचारा, ही भिंत काँक्रीटची आहे की ब्लॉकची. ब्लॉकची असेल आणि त्यानं लेखी परवानगी दिली, तरी सगळी काढू नका. ओट्याच्या उंचीच्या वर चार फूट रुंदीची खिडकी काढा, तिला सरकती काच लावा, नाहीतर दाराच्या जागी काचेचा तीन पानी सरकता दरवाजा घ्या. पोळ्या लाटताना गप्पा होतात, फोडणीच्या वेळी काच ओढून घेता येते. सासूबाईंना दार मिळालं, मुलाला उजेड मिळाला.

आयलंडचा हिशेब तर फरशीवर खडूनं करून दाखवता येईल. आठ फूट म्हणजे 96 इंच. त्यातले 24 ओट्याचे. मधली वाट कमीत कमी 36, दोघींनी एकमेकींना ओलांडायचं तर 42. आयलंड म्हणवून घ्यायला किमान 30. छत्तीसचीच वाट धरली तरी झाले 90, पलीकडे उरले सहा इंच. तिथून मांजर जाईल. मुलाला आयलंडमधलं नेमकं काय हवंय ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘उभं राहून चहा प्यायला जागा.’ ती त्या खिडकीला बाहेरून एक फुटाची दगडी फळी लावून मिळते.

आता उंची. इथे मी हट्टी आहे. कोपर दुमडून उभं राहिलं की कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा हवा. तुमच्यासाठी तो साधारण 34 इंच येतो, सासूबाईंसाठी एकतीसच्या आसपास. शिवाय पोळी लाटताना वरून जोर द्यावा लागतो, त्यासाठी ओटा नेहमीपेक्षा दोन-तीन इंच खालीच बरा. बाहेरच्या मासिकांतल्या कुठल्याच किचनमध्ये हा विचार दिसायचा नाही, तिथे कोणी रोज पंधरा पोळ्या लाटत नाही. म्हणून मुख्य ओटा 34 इंचांवर ठेवा आणि शेगडीशेजारी अडीच फूट लांबीचा तुकडा 31 इंचांवर उतरवा. तुमच्या पोळ्या, सासूबाईंचं भाजी चिरणं, दोन्ही तिथे. खाली ट्रॉली न घेता तेवढा भाग मोकळा सोडला तर त्यांना स्टुलावर बसूनही काम करता येईल. ओटा सलग दिसणार नाही, फोटोत पायरी दिसेल. दिसू द्या.

शेगडीचंही तसंच. ओट्यावर शेगडी ठेवली की भांडं चार-पाच इंच वर जातं, त्यावर उंच पातेलं, आणि चार फूट दहाच्या बाईला आत काय शिजतंय ते दिसत नाही. हॉबची, म्हणजे ओट्याच्या दगडात बसवायच्या शेगडीची, फॅशन आली त्यातलं हे एक खरं कारण आहे, भांडं खाली येतं. पण हॉबसाठी दगडाला कापून भोक पाडावं लागतं आणि प्रत्येक कंपनीचं, प्रत्येक मॉडेलचं भोक वेगळं. सहा-सात वर्षांनी काच तडकली, तेच मॉडेल बाजारात नसलं, की नव्या हॉबसाठी दगड पुन्हा कापा. त्यापेक्षा जुने मिस्त्री करायचे ते मला पटतं. शेगडीपुरता दगड चार इंच खाली उतरवायचा, साधी शेगडी त्या खाचेत ठेवायची. उतू गेलेलं दूध खाचेत जातं हे खरं, पण शेगडी उचलून पुसता येतं आणि शेगडी कुठल्याही दुकानातून बदलता येते. खाच मात्र चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठी करा.

सिलिंडर असो वा पाइपचा गॅस, हवा खेळती हवीच, पण हवेच्या जाळीची जागा वेगळी. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो, तेव्हा वर जाळी हवी. सिलिंडरचा गॅस जड, तो खाली साचतो. ओट्याखालच्या बंद ट्रॉलीत सिलिंडर ठेवून पुढे हवाबंद सुंदर शटर लावलेली घरं मी बघितली आहेत आणि माझ्या पोटात गोळा आलाय. सिलिंडरच्या शटरला खालच्या बाजूला भोकं किंवा जाळी पाहिजेच, ती पिस्ता रंगात कशीही दिसो.

दगडाबद्दल थोडक्यात. काळा किंवा गडद ग्रॅनाइट घ्या आणि विषय मिटवा. पांढरा संगमरवर आमसुलाच्या एका डागानं रडवतो, आंबट लागलं की त्याची चमकच मरते. क्वार्ट्झ दिसायला देखणा, डाग कमी धरतो, पण तो दगडाचा चुरा आणि राळ मिळून केलेला असतो. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली की राळ पिवळी पडते, कधी तडाही जातो. आपल्याकडे कढई आधी टेकवतात, मग फडकं शोधतात. तरीही घेणार असाल तर तो कारखान्यात पाणी सोडून कापून आणायला सांगा, तुमच्या बाल्कनीत कोरडा कापू देऊ नका. त्याच्या धुळीत सिलिका इतकी असते की ती कापणाऱ्या कामगारांची फुप्फुसं कायमची निकामी झालेली आहेत. याच कारणानं ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असते, पण बरीच कमी. तोंडाला मास्क तिथेही हवाच.

एवढं वाचून वाटेल की बाईंना नवं काहीच आवडत नाही. तसं नाही, आणि एकदा मी तोंडावर आपटले आहे ते सांगते. वीसेक वर्षांपूर्वी सहकारनगरमधल्या एका शिक्षिकेनं मला सांगितलं होतं की ओट्याखाली मला एकही फळी नको, सगळे ओढायचे खणच हवेत. मी तिला समजावलं की ही परदेशी चैन आहे, चॅनेलचा, म्हणजे खण ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांचा, खर्च दुप्पट होईल, अर्ध्या फळ्या ठेवू. तिनं ऐकलं. सात-आठ वर्षांनी तिनं मला परत बोलावलं, तेव्हा तिचे गुडघे गेले होते. मागच्या कोपऱ्यातलं पातेलं काढायला तिला फरशीवर बसावं लागायचं, आणि उठायला शेजारीण लागायची. मला एक शब्द बोलली नाही, नुसतं बसून दाखवलं. त्या दिवसापासून मी खाली फळ्या करत नाही. जी नवी गोष्ट वाकणं, बसणं, चालणं कमी करते ती कितीही परदेशी असली तरी मुक्कामाला येते, हे मी तिच्याकडून शिकले. सॉफ्ट क्लोज चॅनेल, वरच्या कपाटाखाली ओट्यावर उजेड पाडणारी एलईडी पट्टी, हे त्याच जातीचं आहे, बिनधास्त घ्या. पैसे कमी पडत असतील तर शटर स्वस्त घ्या, पण चॅनेल आणि बिजागऱ्या चांगल्या कंपनीच्या घ्या. जाळीच्या ट्रॉल्या घेतल्यात तर स्टील 304 ग्रेडचं आहे हे बिलावर हवं. 202 चं सिंकजवळ गंजतं.

ट्रॉल्या ठरवताना तुमची खरी भांडी मोजा. सगळ्यात खालच्या खणात पाच लिटरचा कुकर शिट्टीसकट उभा राहिला पाहिजे. परात आडवी राहते की उभी ठेवायची ते आधी ठरवा. पिठाचा डबा, तांदळाचा डबा, मसाल्याची वर्षाची बरणी, सोऱ्या, फराळाची मोठी कढई. कॅटलॉगमध्ये खणात सहा प्लेटा आणि दोन वाइनग्लास मांडलेले असतात. आपल्याकडे गौरी-गणपतीला त्याच खणातून वीस ताटं निघावी लागतात.

बिनहँडलची शटरं मला पटत नाहीत. वरच्या खाचेत बोट घालून ओढायचं, आणि ते बोट कणकेचं असतं. सहा महिन्यांत त्या खाचेत पीठ, तेल नि झुरळांची पिल्लं. दाबून उघडणारी शटरं तर ओट्याला टेकून उभं राहिलं तरी उघडतात. पितळी रंगाचं साधं, हातात नीट बसणारं हँडल घ्या, त्याचा मुलामा गेला की तेवढंच बदला. हँडलच्या दोन स्क्रूमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवा, म्हणजे पुढचं हँडल त्याच भोकात बसेल.

बिल्डरकडे ताब्याआधी काय मागायचं, हे खरं तर सगळ्यात तातडीचं. चिमणीसाठी सहा इंचांचं भोक बाहेरच्या भिंतीत, शेगडीच्या जितकं जवळ होईल तितकं, तुळई सोडून. पाइपला एकाहून जास्त वळण देऊ नका, दर वळणाला ओढ कमी होते, आणि बाहेर न काढता हवा आतच फिरवणारी चिमणी आपल्या फोडणीपुढे टिकत नाही. सिंकच्या शेजारी 60 सेंटिमीटरची जागा अशी ठेवा की आज तिथे साधी ट्रॉली बसेल आणि उद्या डिशवॉशर. त्याला लागणारा नळ, सांडपाण्याचं तोंड आणि सॉकेट आत्ताच काढून घ्या, मशीन घ्या न घ्या. ओट्याच्या वर 16 अँपिअरचे किमान चार सॉकेट, दोन वेगवेगळ्या एमसीबीवर. आणि इंडक्शनच्या मोठ्या शेगडीसाठी एक स्वतंत्र जाड वायर मीटरपासून टाकून तोंड झाकून ठेवा. पुढची फॅशन तीच असणार असं मला वाटतं, आणि तेव्हा टाइल फोडायची वेळ येऊ नये. वास्तूवर मी वाद घालत नाही, पण शेगडी नि सिंक दोन फूट लांब ठेवा हे ते सांगतात त्यात पाण्याच्या शिंतोड्यांचाही विचार आहे, तेव्हा ते ऐका. ड्राय बाल्कनीत भांडी घासायची मोरी मिळत असेल तर ती कपाटासाठी बुजवू नका. बाईला तिथे बसून घासता येतं आणि किचन कोरडं राहतं.

राहिला पिस्ता. घ्या. तुम्हाला आवडलाय, रोज सकाळी तुम्हीच तो बघणार आहात. फक्त तो ॲक्रिलिक किंवा मेंब्रेनमध्ये, म्हणजे वरून प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेल्या शटरात, घेऊ नका. मेंब्रेनची शेगडीजवळची कड उष्णतेनं सुटते, लाल शटरांच्या काळात त्या सोललेल्या कडा मी पुष्कळ चिकटवल्या आहेत. साधा एक मिलिमीटरचा मॅट सनमायका घ्या, बोटांचे ठसे न धरणारा मिळतो. खालच्या खणांना, जिथे पाय लागतात आणि पोचा लागतो, तिथे थोडा गडद रंग द्या, पिस्ता वरच्या कपाटांना. त्याच लॉटचे दोन पत्रे जास्तीचे घेऊन माळ्यावर आडवे ठेवा, टाइल्सचीही एक पेटी. हे रंग दोन-तीन वर्षांत बंद होतात, आणि एक शटर फुटलं की त्याच्या जोडीला तोच रंग कुठेच मिळत नाही. सनमायक्याचा कोड बिलावर असतो, पण बिलाची शाई उडते. तो सिंकखालच्या दगडी खणात आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.